अधिकारावांचून कारभार

मुंबईच्या कोटांत विद्यापीठाच्या आवारांतील राजाबाई मनोरा पाहिला नाहीं असा सुशिक्षित महाराष्ट्रीय विरळाच. हा मनोरा व त्याच्या पायथ्याचें ग्रंथालय शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभें राहिलें, आणि शेठजींच्या संपत्तीचा मोठा भाग १८६१ ते १८६५ या सालांतील कापसाच्या तेजींतून आलेला होता. अमेरिकेंत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांचें यादवी युद्ध जुंपलें, लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला, मुंबईंत सट्ट्याला ऊत आला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो सारा डोलारा कोसळून भलीं भलीं घराणीं धुळीस मिळालीं. त्या युद्धाची आमच्याकडे उरलेली आठवण बहुधा एवढीच.

परंतु ज्या कापसाच्या दुष्काळानें मुंबई घटकाभर श्रीमंत झाली, तो कापूस बंदरावर नेतां यावा म्हणून दक्षिणेकडील संस्थानांनीं जे लोहमार्ग बांधले होते, त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत सहसा येत नाहीं. या युद्धावर उदंड ग्रंथ झाले आहेत. ली, जॅक्सन, ग्रँट, शर्मन हीं नांवें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतात. परंतु फ्रेडरिक सिम्स हें नांव त्यांत क्वचितच आढळतें, व आढळलेंच तर एखाद्या तळटीपेंत. याचें कारण उघड आहे. सिम्स हा रणांगणावरचा सेनापति नव्हे. तो दक्षिणपक्षाच्या क्वार्टरमास्टर खात्यांतील अधिकारी. सैन्यास कपडालत्ता, तंबू, जनावरें व वैरण पुरवावयाची, आणि माणसें व सामान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पोंचवावयाचें, हें या खात्याचें काम. त्यांतील आगगाड्यांच्या वाहतुकीची शाखा १८६३ च्या जूनपासून युद्धाच्या अखेरपर्यंत सिम्स याच्याकडे होती. त्याच्या शिरावर जबाबदारी सगळी होती. हातीं अधिकार जवळ जवळ नव्हता. असें कां झालें हें पाहूं गेलें म्हणजे एका राज्याच्या नाशाचें एक मुख्य कारण आपोआप उघड होतें, म्हणून आज आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

प्रथम त्या लोहमार्गांची स्थिति पाहूं. युद्धाच्या आरंभीं उत्तरेकडे सुमारें २२,००० मैल लोहमार्ग होता, दक्षिणेकडे सुमारें ९,००० मैल. ही विषमता मोठी खरी; पण नुसत्या मैलांच्या आंकड्यांवरून दक्षिणेची खरी अडचण ध्यानांत येत नाहीं. हे मार्ग देशाचा एक भाग दुसऱ्याशीं जोडावा या हेतूनें बांधलेलेच नव्हते. मळ्यांतील कापूस जवळच्या बंदरावर किंवा नदीवर नेऊन टाकावा, एवढाच बहुतेक कंपन्यांचा हेतु. त्यामुळें कोठें दोन मार्गांची टोंकें समोरासमोर येऊन मध्यें पन्नास-पन्नास मैलांचें रान सुटलेलें, तर कोठें एकाच गांवांत दोन कंपन्यांचीं स्टेशनें गांवाच्या दोन कडांना. रिचमंड शहरांत पांच लोहमार्ग येऊन पोंचत, परंतु बहुतेकांचे रूळ एकमेकांस मिळालेले नव्हते. पीटर्सबर्ग येथेंही तीच गत. माल एका स्टेशनावर उतरवून बैलगाड्यांनीं किंवा घोड्यांच्या गाड्यांनीं दुसऱ्या स्टेशनावर न्यावयाचा, हा नित्याचा प्रकार. आणि गाडीवाले, हमाल व खाणावळवाले यांचें पोट त्यावर चालत असल्यामुळें रूळ जोडण्यास गांवकऱ्यांचाच विरोध असे.

त्यांत रुळांच्या रुंदीचा घोळ. दक्षिणेंतील बऱ्याच मार्गांवर दोन रुळांमधील अंतर ५ फूट होतें, परंतु उत्तर कॅरोलिनांत व व्हर्जिनियाच्या कांहीं भागांत तें ४ फूट साडेआठ इंच. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालावयाचा नाहीं. विल्मिंग्टन बंदराजवळ तर उत्तरेकडून आलेला माल उतरवावयाचा, केप फिअर नदीवरून नांवेनें पलीकडे न्यावयाचा व पलीकडच्या निराळ्या रुंदीच्या गाडींत पुन्हां भरावयाचा. शांततेच्या काळांत एवढ्यानें कोणाचें अडत नसे. कापसाचा गठ्ठा दोन दिवस उशीरां पोंचला म्हणून कांहीं तो उपाशीं मरत नाहीं. सैनिक मरतो.

युद्ध सुरू झालें तेव्हां मात्र सर्वत्र उत्साहाचें वारें होतें. १८६१ च्या एप्रिलांत माँट्गॉमेरी येथें कंपन्यांचे अध्यक्ष जमले व त्यांनीं आपण होऊन ठरविलें कीं, सैनिकांस दर मैलीं दोन सेंट भाड्यानें व लष्करी सामान निम्म्या दरानें न्यावें, आणि सरकारजवळ रोकड नसल्यास त्याचे कर्जरोखे दर्शनी किंमतीस घ्यावे. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मॅनॅससच्या पहिल्या लढाईंत जॉन्स्टनचें सैन्य शेनँडोआच्या खोऱ्यांतून आगगाडीनें आणून ऐन वेळीं मैदानावर उतरविण्यांत आलें, आणि दक्षिणेस जय मिळाला. लोहमार्ग हें नवें शस्त्र आहे व तें आपणांस वापरतां येतें, अशी तेव्हां लोकांची समजूत झाली. त्याच सुमारास विल्यम ॲश या उत्तर कॅरोलिनांतील एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षास मेजरचा हुद्दा व क्वार्टरमास्टर खात्यांतील जागा देऊन व्हर्जिनियाकडील वाहतुकीची देखरेख सोंपविण्यांत आली. परंतु त्याला कंपन्यांस विनंती करतां येई, हुकूम करतां येत नसे. १८६२ च्या वसंतांत तो या कामांतून बाहेर पडला, व त्याच वर्षीं सप्टेंबरांत रुळावरील अपघातांतच त्याचा अंत झाला.

दुसरे वर्ष उजाडलें तों उत्साह ओसरला व झीज दिसूं लागली. आगगाडी ही बैलगाडीसारखी नव्हे. बैलगाडीचें चाक मोडलें तर गांवचा सुतार तें करून देतो. रूळ, चाकें, आंस, बाष्पपात्राच्या नळ्या यांस पोलादलोखंडाचे कारखाने लागतात, आणि दक्षिणेंत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पूर्वीं हें सामान उत्तरेकडून किंवा इंग्लंडांतून येई. आतां उत्तर शत्रु झाली व समुद्रावर तिच्या आरमाराची नाकेबंदी बसली. रिचमंडचा ट्रेडेगर कारखाना तोफा, गोळे व चिलखती जहाजांचे पत्रे करण्यांत गुंतलेला. १८६३ च्या वसंतांत रेल्वेच्या जाणत्यांनीं हिशेब केला, तो असा: आहेत ते मार्ग नुसते चालू ठेवण्यास दर वर्षीं ४९,५०० टन रूळ लागतील, ट्रेडेगर व अटलांटा येथील कारखाने दुसरें कांहींएक न करतां केवळ रूळच करूं लागले तरी २०,००० टनांच्या आंतच निघतील. आणि प्रत्यक्षांत तर ते कारखाने रूळ मुळींच करीत नव्हते. रुळांखालचे लांकडी स्लीपर कुजत चालले, इंजिनें खोळंबूं लागलीं, आणि कित्येक मार्गांवर गाडीचा वेग ताशीं दहा मैलांवर नेणें धोक्याचें झालें.

लोखंडाइतकीच माणसांची वाण. इंजिनें चालविणारे व दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळसे मूळचे उत्तरेकडचे. ते युद्धाच्या आरंभींच घरीं निघून गेले. उरलेल्यांपैकीं कित्येक सैन्यांत ओढले गेले. रुळांची डागडुजी करणारे मजूर तर बहुतेक गुलाम. कंपन्या त्यांस मालकांकडून वर्षाच्या बोलीनें भाड्यानें घेत. युद्ध जवळ येऊं लागलें तसतसा मालक आपला गुलाम देईनासा झाला. कारण रुळावर काम करणारा गुलाम पळून शत्रूच्या छावणींत गेला तर भांडवल बुडालें.

या अडचणींतूनही कांहीं कामें थोर झालीं, हें कबूल केलें पाहिजे. १८६२ च्या जुलैंत जनरल ब्रॅगनें सुमारें ३०,००० शिपाई मिसिसिपींतील ट्युपेलोहून टेनेसींतील चॅटनूगा येथें नेले. सरळ वाट शत्रूच्या हातीं, म्हणून दक्षिणेस मोबील, तेथून माँट्गॉमेरी, तेथून अटलांटा असा साडेसातशें मैलांहून मोठा वळसा घालून. तें एक मोठें लष्करी यश ठरलें. पण असें यश एकदां मिळवणें वेगळें आणि दररोज दाणावैरण पोंचविणें वेगळें. एक वेळ सर्व डबे गोळा करून सैन्य नेतां येतें. मक्याचीं पोतीं मात्र रोज न्यावीं लागतात. १८६२-६३ च्या हिंवाळ्यांत लीच्या सैन्यांतील घोडे वैरणीवांचून वाळत होते. १८६३ च्या एप्रिलच्या दुसऱ्या तारखेस खुद्द राजधानी रिचमंडांत बायकांनीं भाकरीसाठीं दुकानें फोडलीं. आणि त्याच वेळीं जॉर्जिया व अलाबामा या संस्थानांत मका पडून होता. देशांत अन्न नव्हतें असें नव्हे. जेथें पोटें होतीं तेथें अन्न नव्हतें.

हा गोंधळ पाहून सरकारनें १८६२ च्या डिसेंबरांत विल्यम वॅडली या माणसास कर्नल करून सर्व लोहमार्गांच्या देखरेखीवर नेमिलें. वॅडली मूळचा उत्तरेकडील न्यू हॅम्पशायरचा, परंतु तरुणपणींच जॉर्जियांत येऊन हाताच्या कामापासून वर चढत रेल्वेचा व्यवस्थापक झालेला. धंद्याची खडान्‌खडा माहिती असलेला व बोलण्यांत रोखठोक. त्यानें लगेच ऑगस्टा येथें कंपन्यांच्या अध्यक्षांची सभा बोलाविली. देशाची गाडी कशी चालेल हा त्याचा प्रश्न. सभेचें लक्ष भाड्याचे दर कसे वाढतील इकडे. वॅडलीनें निष्कर्ष काढला तो साधा होता: सरकारनें वाहतुकीस एकवाक्यता आणण्याचा अधिकार कायद्यानें घ्यावा, आणि कामाचे कारागीर सैन्यांतून परत द्यावे. १८६३ च्या मे महिन्यांत काँग्रेसनें एक कायदा केलाही. जी कंपनी सरकारी वाहतूक नीट करणार नाहीं तिचे डबे व रूळ घेतां यावे, अशी त्यांत तरतूद होती. परंतु हें शस्त्र अध्यक्ष डेव्हिस यांनीं म्यानांतून काढलेंच नाहीं. उलट सिनेटनें वॅडलीच्या नेमणुकीस मान्यता न देतां त्यालाच घरीं बसविलें. रोग ओळखणारा वैद्य गेला, रोग राहिला.

त्याच्या जागीं आला तो त्याचा मदतनीस कॅप्टन सिम्स. पुढें हुद्द्यानें लेफ्टनंट कर्नल झालेला. हा जॉर्जियांतील सव्हॅना गांवचा. वॅडलीचें जें झालें तें त्यानें डोळ्यांदेखत पाहिलें होतें. म्हणून त्यानें आपला मार्ग ओळखून घेतला. हुकूम चालत नाहीं तर आर्जव करावयाचें. त्याचें शस्त्र म्हणजे तारायंत्र. या कंपनीस विचारावयाचें कीं तुमच्याकडे रिकामे डबे किती. त्या कंपनीस विनवावयाचें कीं तुमचें एक इंजिन महिनाभर शेजाऱ्यास द्या. सेनाधिकाऱ्यांस सांगावयाचें कीं कृपा करून डबे कोठारासारखे वापरूं नका. हा शेवटचा प्रकार फार नडे. सेनापतीस वाटे, माल डब्यांतच राहूं द्यावा, म्हणजे निघावें लागलें तर आयताच भरलेला. पण त्याच्या तळावर पन्नास डबे उभे राहिले कीं दोनशें मैलांवर तितकाच मका पावसांत भिजे. शिवाय कोणीही अधिकारी स्टेशनावर येऊन गाडी अमुक वेळीं सोड म्हणे, आणि एकेरी रुळावर एक गाडी अवेळीं सुटली कीं समोरून येणाऱ्या सर्व गाड्यांचें वेळापत्रक कोलमडे. दुसरीकडे, पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याचा माल व उतारूंच्या गाड्या बिनबोभाट चालत. कारण सरकारचें भाडें म्हणजे दिवसेंदिवस किंमत उतरणारा कागद. कंपन्यांस केवळ लोभी म्हणून मोकळें होतां येत नाहीं. त्यांनाही रोजमुरा द्यावा लागे, तेल-चरबी दसपट-वीसपट भावानें घ्यावी लागे. जेथें स्वार्थास लगाम घालणारें कोणी नसतें, तेथें भला मनुष्यही आधीं आपल्या घरचें पाहतो.

या साऱ्या अवस्थेंत सिम्सच्या हातून जें सर्वांत मोठें काम झालें तें १८६३ च्या सप्टेंबरांतील. ठरलें असें कीं, लाँगस्ट्रीटच्या पथकांतील सुमारें १२,००० शिपाई व्हर्जिनियाहून जॉर्जियाच्या उत्तर सरहद्दीवर ब्रॅगच्या मदतीस न्यावे. नॉक्सव्हिलवरून जाणारी सरळ वाट सुमारें ५४० मैलांची. पण सैन्य निघण्यापूर्वींच सप्टेंबरच्या आरंभीं उत्तरेच्या बर्नसाइडनें नॉक्सव्हिल घेतलें. झालें, वाट बंद! आतां दोन्ही कॅरोलिना संस्थानांमधून व ऑगस्टा, अटलांटा या शहरांवरून ९०० मैलांहून अधिक वळसा. त्यांत सोळा कंपन्यांचे मार्ग, त्यांत रुळांच्या निरनिराळ्या रुंदी, आणि ऑगस्ट्याच्या पुढें एकच एकेरी रूळ. क्वार्टरमास्टर जनरलच्या जागीं नुकताच आलेला अलेक्झांडर लॉटन हाही पूर्वीं एका रेल्वेचा अध्यक्ष होता, व अँटिएटमच्या लढाईंत जखमी झाल्यामुळें या जागेवर आलेला. त्यानें व सिम्सनें मिळून हा सारा जुगाड जमविला. भाराच्या वाघिणी, उघडे डबे, टपालाचे डबे, जें चाकांवर चालेल तें जुंपलें. झांकलेल्या वाघिणींत वारा यावा म्हणून शिपायांनीं बाजूच्या फळ्या उपटून काढल्या. रॅली शहरीं गाडी थांबली असतां जॉर्जियाच्या शिपायांनीं तहाची भाषा बोलणाऱ्या होल्डन नामक संपादकाच्या वृत्तपत्राची कचेरी फोडून टाकली, आणि उत्तर कॅरोलिनाचे गव्हर्नर व्हान्स संतापून गेले. अशा परीनें ही वरात चालली.

ती पोंचली काय? निम्मी पोंचली. सैन्य ९ सप्टेंबरच्या सुमारास निघालें. १८ तारखेस हूड पोंचला, व गाडींतून घोडा उतरवून तसाच लढाईंत शिरला. स्वतः लाँगस्ट्रीट १९ तारखेस दुपारीं उतरला तों त्याला वाट दाखवावयासही कोणी आलें नव्हतें. २० तारखेस चिकमाॅगाच्या रानांत शत्रूच्या फळींत पडलेल्या खिंडारांतून त्याची फौज घुसली व दक्षिणेस मोठा जय मिळाला. पण लाँगस्ट्रीटच्या आणलेल्या पथकांपैकीं लढाईस हजर होते ते फक्त पांच ब्रिगेड. त्याच्या तोफा लढाई आटोपल्यावर पांच दिवसांनीं पोंचल्या. मोडक्या सामग्रीनें हें एवढें झालें याचें श्रेय सिम्सचें. उरलेलें अर्धें कां झालें नाहीं, याचा जाब मात्र त्याला विचारतां येत नाहीं.

याच्याशेजारीं उत्तरेनें काय केलें तें ठेवून पाहावें. चिकमाॅगाचा पराभव कळतांच वॉशिंग्टनांत मध्यरात्रीं बैठक भरली, आणि २५ सप्टेंबरपासून बारा दिवसांच्या आंतबाहेर २०,००० हून अधिक शिपाई, तोफांसकट, सुमारें १,२०० मैलांवरून टेनेसीच्या रणांगणाकडे आणून पोंचविले. उत्तरेकडे लोखंड होतें, इंजिनें होतीं, हें खरेंच. परंतु आणखी एक गोष्ट होती. १८६२ च्या जानेवारींतच तेथील काँग्रेसनें कोणताही लोहमार्ग ताब्यांत घेण्याचा अधिकार अध्यक्ष लिंकन यांस दिला होता. हा अधिकार उत्तरेंतील कंपन्यांवर फारसा चालवावा लागला नाहीं. तो आहे एवढें ठाऊक असल्यानेंच त्या सरळ वागल्या. जिंकलेल्या प्रदेशांत मात्र सरकारनें स्वतःचें रेल्वे खातें उभारलें, आणि युद्धाच्या अखेरीस तें २,१०० मैलांवर मार्ग चालवीत होतें. दक्षिणेंतही कायदा होता. फरक एवढाच कीं तो कोणी वापरणार नाहीं हें कंपन्यांस पक्कें ठाऊक होतें.

दक्षिणेनें तो अधिकार कां वापरला नाहीं? येथें आम्ही मूळ प्रश्नापाशीं येऊन पोंचलों. एक उदाहरण पाहा. रूळ नवे होत नाहींत, तर कमी महत्त्वाच्या मार्गांवरचे उखडून महत्त्वाच्या मार्गांवर घालावे, म्हणून १८६३ च्या जानेवारींत एक मंडळ नेमण्यांत आलें. फ्लॉरिडांत अशा एका मार्गाचे रूळ काढण्यास माणसें गेलीं तेव्हां त्या कंपनीचे अध्यक्ष डेव्हिड यूली यांनीं कोर्टांतून मनाईहुकूम आणला. हे गृहस्थ पूर्वीं वॉशिंग्टनांत सिनेटर होते, आणि संघांतून फुटून निघण्याच्या बाजूचे होते. देश मागतो आहे, सैन्य अडलें आहे, आणि ज्यांनीं युद्ध आरंभिलें त्यांपैकींच एक म्हणतो, माझ्या मालकीच्या रुळास हात लावूं नका! दुसरें उदाहरण डॅनव्हिल व ग्रीन्सबरो यांच्यामधील सुमारें ४८ मैलांच्या तुटीचें. ही तूट भरावी असें अध्यक्ष डेव्हिस यांनीं १८६१ च्या नोव्हेंबरांतच सुचविलें. काँग्रेसनें १८६२ च्या फेब्रुवारींत १० लक्ष डॉलर दिले, तेंही असा खर्च घटनेच्या विरुद्ध आहे अशी कांहीं सभासदांची तक्रार ऐकून घेऊन. उत्तर कॅरोलिनास वाटलें कीं हा मार्ग आपल्या संस्थानाच्या नुकसानीचा. आजूबाजूच्या मळेवाल्यांनीं कामास गुलाम देण्याची टाळाटाळ केली. ४८ मैलांचा हा तुकडा पुरा होण्यास १८६४ चा मे महिना उजाडला.

आतां याच्याशेजारीं दुसरी गोष्ट ठेवूं. याच सरकारनें १८६२ च्या एप्रिलांत सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला. गरीब शेतकऱ्याचा मुलगा त्याला न विचारतां ओढून नेला. १८६३ च्या मार्चांत जप्तीचा कायदा करून त्याच शेतकऱ्याचा मका ठरविल्या भावानें उचलला. परंतु वीस गुलामांच्या मळ्यामागें एक गोरा माणूस सैन्यभरतींतून सोडण्याची सवलत १८६२ च्या ऑक्टोबरांत दिली. गुलाम मागितला कीं मालक ओरडत, आणि रूळ मागितला कीं कंपनी कोर्टांत जाई. म्हणजे मुलगा मागतां येत होता, भाकर मागतां येत होती. मालमत्ता मागतां येत नव्हती. मग शेतकऱ्याचा मका जप्त होऊन स्टेशनावर येई, व तेथें डब्याची वाट पाहत कुजे. आणि शेतकऱ्याचा मुलगा तिकडे छावणींत उपाशीं राही.

हें विसंगत दिसतें, पण त्या राज्याचा पाया ध्यानांत घेतला म्हणजे त्यांत विसंगति उरत नाहीं. तें राज्य स्थापिलें तेंच मुळीं एका प्रकारच्या मालकीच्या रक्षणासाठीं, माणसानें माणसावर सांगितलेल्या मालकीच्या. वॉशिंग्टनच्या सरकारानें आमच्या मालमत्तेंत, म्हणजे आमच्या गुलामांत, हात घालूं नये, याकरितां ज्यांनीं संघ मोडला, त्यांनीं रिचमंडच्या सरकारास तरी आपल्या मालमत्तेंत हात कां घालूं द्यावा? ज्या तत्त्वावर राज्य उभें केलें तें तत्त्व राज्याच्या रक्षणाच्या आड आलें. सिम्सच्या तारांना जें उत्तर येत नसे, त्याचें कारण एखाद्या कंपनीच्या अध्यक्षाचा आळस हें नव्हे. त्याचें कारण त्या राज्याच्या जन्मपत्रिकेंतच होतें.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, व तो खरा असल्यामुळें त्याचा विचार केला पाहिजे. अधिकार असता तरी लोखंड कोठून येणार होतें? ४९,५०० टनांची गरज हुकुमानें भागत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. सिम्सच्या हातीं पूर्ण सत्ता दिली असती तर दक्षिण जिंकली असती असें आमचें म्हणणें नाहीं. पण टंचाईच्या काळींच अधिकाराची खरी गरज असते. मुबलक असतें तेव्हां ज्याचा तो घेऊन जातो व सर्वांस पुरतें. थोडें असतें तेव्हां कोणास द्यावयाचें व कोणास नाहीं हें सांगणारा कोणीतरी लागतो. दक्षिणेजवळ इंजिनें थोडीं होतीं. तीं कोठें चालावीं हें ठरविणारा कोणीच नव्हता.

तो अधिकार अखेर दिला गेला. १८६५ च्या फेब्रुवारींत दक्षिणेच्या काँग्रेसनें युद्धमंत्र्यास लोहमार्ग ताब्यांत घेण्याची पूर्ण सत्ता दिली. त्यापूर्वींच जानेवारींत फिशर किल्ला पडून विल्मिंग्टनचें बंदर बंद झालें होतें. शर्मनच्या शिपायांनीं जॉर्जियांतील रूळ विस्तवावर तापवून झाडांच्या बुंध्यांभोंवतीं पीळ देऊन टाकले होते. ताब्यांत घ्यावयास फारसें कांहीं उरलें नव्हतें. २ एप्रिल रोजीं रिचमंड सोडावें लागलें, तेव्हां अध्यक्ष व मंत्रिमंडळ डॅनव्हिलच्या मार्गानेंच निसटलें. ४ तारखेस ली आपलें थकलेलें सैन्य घेऊन त्याच मार्गावरील अमीलिया कोर्टहाउस येथें पोंचला. तेथें शिधा येऊन पडलेला असेल अशी त्याची अपेक्षा होती. तो आलेला नव्हता. आसपासच्या खेड्यांतून दाणागोटा मिळतो काय हें पाहण्यांत एक दिवस गेला, आणि तेवढ्यांत पाठलागावरचें सैन्य पुढें होऊन आडवें आलें. ९ एप्रिलास लीनें शस्त्र खालीं ठेविलें.

एका न आलेल्या शिध्यामुळें राज्य बुडालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तें राज्य तोंपर्यंत बुडालेलेंच होतें. आणि तें बुडालें याबद्दल हळहळण्याचें आम्हांस कारण नाहीं. १८६० च्या खानेसुमारीप्रमाणें त्या देशांत सुमारें ४० लक्ष माणसें दुसऱ्याच्या मालकीचीं म्हणून नोंदलेलीं होतीं. त्यांच्या बेड्या तुटल्या, त्या या पराभवामुळेंच. रुळांवर भाड्यानें राबणाऱ्या त्या मजुरांच्या बाजूनें पाहिलें तर दक्षिणेच्या गाड्या उशीरां पोंचल्या हें इष्टच झालें.

तरी सिम्सविषयीं मनांत एक प्रकारचा आदर राहतो. तो त्याच्या पक्षाबद्दल नव्हे, त्याच्या चिकाटीबद्दल. मोठ्या पदाचें नांव, खालीं पुरेशीं माणसें नाहींत, वरचा कोणी पाठीशीं नाहीं, आणि अपयश आलें कीं सर्वांचें बोट आपल्याकडे, अशा स्थितींत काम करावें लागणारा मनुष्य कोणत्याही देशांत व कोणत्याही कचेरींत आढळतो. आमच्या वाचकांपैकींही कित्येकांस तो अनुभव असेल. अशा वेळीं लोक त्या मनुष्याची कर्तबगारी तपासतात. इतिहास वाचणारानें आधीं हें तपासावें कीं, ज्यांनीं त्याच्यावर काम सोंपविलें त्यांस तें काम खरोखर व्हावयास हवें होतें काय, आणि त्यासाठीं आपलें स्वतःचें कांहीं सोडण्याची त्यांची तयारी होती काय. दक्षिणेच्या पुढाऱ्यांनीं दुसऱ्यांच्या मुलांचे प्राण सोडले. आपला रूळ सोडला नाहीं.